डाव्या दारावरचा पोचा

आता तो चालत नाही.
किल्केमोच्या धक्क्याजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये
चार ओंडक्यांवर टेकून उभा असतो आमचा बंब
आणि त्याच्या शिडीवर कोंबड्या झोपतात.

पालिका म्हणाली, संग्रहालयात ठेवायचा
तर याचा इतिहास हवा. दोन पानं पुरेत.
म्हटलं, मी लिहिते.
एकोणीस वर्षं याचं ऑइल मी बदललंय,
माझे वडील याच्याच स्टिअरिंगमागे म्हातारे झाले.

रंगापासून सुरुवात केली.
मडगार्डावर नाण्याएवढी जागा ब्लेडनं खरवडली:
वर आमचा लाल,
खाली आणखी एक लाल, जरा किरमिजी,
त्याखाली पिवळट अस्तर.
आणि दारावर, ऊन तिरपं झालं की
पुसून टाकलेल्या अक्षरांचे वळ.
ऑ, मग काहीच नाही, मग वाल्ड.
लग्नाआधीचं नाव
जुन्या वहीवर राहून जातं तसं.

सीटखाली निघालं:
एक गिल्डर,
तान्ह्या बाळाचा एकच मोजा,
आणि रस्त्यावरच्या नळाची लोखंडी चावी,
जिला बसेल असा नळ
चिलोएच्या अख्ख्या बेटावर नाही.

चार पत्रं परत आली. पाचव्याला उत्तर आलं
फ्रीसलंडहून. वॉबे टेरप्स्ट्रा, वय त्र्याण्णव,
भाषांतर नातवानं केलेलं.
हो, तो माझाच, म्हणतो.
बासष्ट साली नवा आला तेव्हा
सगळं गाव हात लावायला आलं होतं.
पण आग अशी फार लागलीच नाही हो.
गवताच्या गंज्या, एकदा चर्चचं छप्पर.
एरवी कालव्यात पडलेल्या गायी काढल्या,
मोजून एकतीस.
डाव्या दाराला पोचा असेल बघा, खांद्याच्या उंचीवर.
तो मी पाडला, लग्नाच्या दिवशी सकाळी,
दुधाच्या गाडीला धडकून.
बायकोला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी पत्राची घडी घातली.
पुन्हा उघडलं. पुन्हा घातली.

त्या पोच्याची गोष्ट किल्केमोत शेंबडं पोरही सांगेल.
सत्त्याऐंशीची आग.
लाकडाचं गाव, खांबांवरची घरं, वारा समुद्राकडून.
कप्तान एलेउतेरियो बार्रिया, म्हणजे माझे वडील,
यांनी जळत्या तुळईखालून बंब काढला,
तुळई दारावर कोसळली,
दार चेपलं, माणूस वाचला.
दर जूनमध्ये शाळेची मुलं रांगेनं येतात
आणि पोच्यात तळहात ठेवतात.
पत्रा गार असतो.
दोनतीन मुलं तरी म्हणतातच, गरम लागला.

मग मी पावती शोधली, बोटीवरून उतरवून घेतल्याची,
साल चौऱ्याऐंशी.
शिडी एक. नळ्या सहा, पैकी एक फाटकी.
दार डावे, पोचलेले.
अक्षर वडिलांचं.

आठवून पाहते तर
ती गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलीच नाही.
दुसरं कुणी सांगू लागलं
की ते नळ्या मोजायला उठायचे.

घरं मात्र खरी होती.
सतरा गेली, अडतीस राहिली.
राहिलेल्यांतल्या एकात बसून मी हे लिहितेय,
आणि भुवयांशिवायचे वडील
सकाळी याच दारातून आत आले होते,
आधी पाणी मागितलं, मग रडले.

आगीचा बंब म्हणायचं
आणि पोट सगळं पाण्याचं.
किती काय पोटात ठेवतो हा.

दोन पानं झाली.
गायी लिहिल्या, एकतीसच्या एकतीस.
चर्चचं छप्पर लिहिलं. सतरा घरं, मालकांच्या नावांसकट.
पोच्यापाशी ओळ कोरी सोडली आहे,
पालिकेला वाटेल, टंकताना राहून गेलं.

टेरप्स्ट्राला कळवलं:
दार आहे तसंच आहे, कुणी ठोकून सरळ केलेलं नाही.
इथल्या मुलांना ते फार आवडतं.
गिल्डर ठेवून घेतला आहे, रागावू नये.
चावी पाठवते, तिकडचा नळ अजून असेल तर.
मोजा कुणाचा?